बॅचची पार्टी आणि दारू: आयोजकांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेअरवेल, बॅच-ट्रिप, रेसिडेंट डॉक्टरांचं गेट-टुगेदर, एमबीएवाल्यांची शेवटच्या सेमिस्टरची पार्टी. असं काही अंगावर घेतलेल्या विद्यार्थी-आयोजकांसाठी हे पान आहे. नियम महाराष्ट्राचे दिले आहेत. गोवा आणि गुजरातचं वेगळं आहे, ते प्रश्न १६ मध्ये. हिशोबाची आकडेमोड ६० जणांच्या पार्टीची आहे. तुमची संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

१. आमच्यात सगळे १८ च्या पुढचे आहेत. मग दारू ठेवायला काय हरकत?

१८ हे मतदानाचं वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ पूर्ण लागतात; व्हिस्की, रम, व्होडका, जिन आणि देशीसाठी २५. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांना काहीच देता येत नाही. पदव्युत्तर वर्गात बिअर चालणारे बरेच निघतात, पण व्हिस्की चालणारे थोडे. एमडी-एमएसच्या रेसिडेंटांचं चित्र उलटं असतं. पहिल्यांदा यादी काढून हे तीन गट मोजा. २१ च्या आतले निम्म्याहून जास्त निघाले तर बारचा विचार सोडून द्या. त्या पैशात जेवण आणि डीजे दोन्ही चांगले होतात, आणि हे आम्ही नाइलाजाने म्हणत नाही.

२. एफवायची दोन-तीन मुलं येणार आहेत. ती नुसती नाचतील. चालेल ना?

एफवायला १७ वर्षांची मुलंही असतात. १८ खालच्या मुलाला मादक पेय देणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘त्याने स्वतःच घेतली’ हा बचाव आयोजकाला फार पुढे नेत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अपघात झाला, त्यात दोघांचा जीव गेला. त्यानंतर गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला दारू दिल्याबद्दल बारमालक आणि व्यवस्थापकांना अटक झाली होती. बार असलेल्या पार्टीला १८ खालचं कोणी बोलवू नका. ज्युनिअर हवेतच असतील तर संध्याकाळी ६ ते ८ कार्यक्रम आणि जेवण सगळ्यांसोबत उरका, त्यांना घरी पोचवा, आणि मगच बार उघडा.

३. सगळे ओळखीचेच. ओळखपत्र मागायला लाज वाटते. वय कसं तपासायचं?

दारात तपासलं की लाज वाटते, आधी तपासलं की वाटत नाही. नाव नोंदवतानाच जन्मतारीख विचारा आणि मनगटाला कोणत्या रंगाचा पट्टा मिळेल ते तिथेच कळवा. दारात आधार, लायसन्स किंवा डिजिलॉकर नुसतं पाहायचं. झेरॉक्स घ्यायची नाही, फोटो काढायचा नाही.

मनगटाला कागदी पट्टे तीन रंगांचे: २१ खालचे, २१ ते २५ मधले, २५ पूर्ण केलेले. समजा पार्टी १४ मार्च २०२६ ला आहे. १४ मार्च २००५ ला किंवा त्याआधी जन्मलेल्यांना बिअर-वाइन. १४ मार्च २००१ ला किंवा त्याआधी जन्मलेल्यांना बाकीचं. या दोन तारखा मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या टेबलावर चिकटवा. गर्दीत उभं राहून वजाबाकी करताना हमखास एक वर्ष चुकतं.

पट्टा सैल बांधला की निघतो आणि दुसऱ्याच्या हातात जातो. बोटभर जागा ठेवून चिकटवा, टोक कापून टाका. निघालेला पट्टा परत चिकटवून द्यायचा नाही. पुन्हा ओळखपत्र पाहून नवा द्यायचा.

४. हॉटेल, फार्महाउस की हॉस्टेलची गच्ची?

हॉस्टेल आणि कॅम्पस नाही, विषय संपला. गच्चीचा तर कठडा हाच वेगळा धोका आहे.

सगळ्यांत सोपं म्हणजे परमिट रूमचा परवाना असलेलं हॉटेल, ज्याला एफएल-३ म्हणतात. दारू तेच देतात, माप तेच घालतात. बाहेरची बाटली तिथे न्यायची नाही.

फार्महाउस किंवा हॉल घेतलात तर त्या दिवसापुरता तात्पुरता परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडून मिळतो. शुल्क बदलत राहतं, मागच्या बॅचने सांगितलेल्या आकड्यावर बजेट बांधू नका. ‘आपल्याकडे सगळं चालतं, कोणी येत नाही’ असं सांगणारा फार्महाउसवाला धाड पडली की दिसत नाही. परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय जागेचा अॅडव्हान्स देऊ नका.

तारीख ठरवताना ड्राय डे पाहा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर लक्षात असतात; आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास विसरले जातात. स्पीकर उघड्यावर असेल तर रात्री १० ला बंद. पोलीस बहुतेक वेळा दारूसाठी नाही, आवाजाच्या तक्रारीवरून येतात.

५. पिणाऱ्याकडे स्वतःचं परमिट लागतं, हे खरं की नुसतं कागदावर?

खरं आहे. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला व्यक्तीच्या नावाचा परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. एक दिवसाचं परमिट पाच रुपयांचं असतं आणि ते वाइन शॉप किंवा परमिट रूममध्येच मिळतं. फार्महाउसवर पार्टी असेल तर पिणाऱ्या प्रत्येकाचं परमिट आधी काढून एका फाइलला लावा.

६. काँट्री (वर्गणी) सगळ्यांची सारखी काढायची का?

नाही. दोन काँट्री काढा: जागा, जेवण, गाड्यांची सगळ्यांना सारखी, बारची फक्त पिणाऱ्यांना. याचं कारण न्यायापेक्षा व्यवहाराचं आहे. सगळ्यांकडून एकच रक्कम घेतली की ‘पैसे भरलेत, वसूल करतो’ हे सुरू होतं. न पिणारे चिडतात आणि पिणारे दोन पेग जास्त घेतात. ‘अनलिमिटेड’ हा शब्द निमंत्रणात कुठेही नको.

परवाना नसलेल्या जागी दारूसकट तिकीट लावणं म्हणजे दारू विकणं. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) हवं असेल तर परमिट रूममध्ये जा आणि बिल वेगळं मागा.

७. ६० जणांना किती आणायची?

आधी मोजायचं एकक ठरवू. ३० मिलीचा छोटा पेग (४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा रम) म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सगळा हिशोब या छोट्या पेगमध्ये करा.

समजा २५ च्या पुढचे पिणारे २०, फक्त बिअर घेऊ शकणारे २२ आणि न पिणारे किंवा लहान १८. बार तीन तास. माणशी मर्यादा चार छोटे पेग. ही मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. २० जणांचे ८० पेग. ७५० मिलीच्या बाटलीत २५ पेग, तीन बाटल्यांत ७५, तेवढ्या पुरेत. ‘चौथी असू दे जवळ’ म्हणून आणलेली चौथी उघडली जातेच, आणि रात्री साडेबाराला उघडली जाते. बिअरचे ३३० मिलीचे पाइंट माणशी तीन, म्हणजे ६६, तेही साध्या बिअरचे (प्रश्न ८).

पाणी किमान माणशी एक लिटर: २० लिटरचे चार जार. बर्फ माणशी अर्धा किलो. खायचा बर्फ मागून घ्या. निळसर रंगाचा बर्फ औद्योगिक वापराचा असतो, तो ग्लासात घालायचा नाही. कोकम सरबत, ताक आणि लिंबू सोडा हे बारच्याच टेबलावर, सारख्याच ग्लासात. त्यामुळे न पिणाऱ्याच्या हातातला ग्लास कोणी निरखत बसत नाही.

वाइन शॉपचं बिल जपून ठेवा. ओळखीतून स्वस्तात मिळणारी, सील सैल असलेली किंवा लेबल वाकडं असलेली बाटली परत करा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली.

८. आम्ही फक्त बिअर ठेवतोय. मग एवढी तयारी कशाला?

कारण बिअरच जास्त फसवते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार छोटे पेग. साध्या ५ टक्क्यांची तेवढीच बाटली अडीच पेग. ‘दोनच बिअर घेतल्या’ म्हणणाऱ्याने स्ट्राँगच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या असतील तर त्याच्या पोटात आठ पेग आहेत. साधी बिअर ठेवा, पाइंटमध्ये ठेवा, मोठी बाटली नको. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास दीड पेगाएवढा भरतो.

९. खायला काय आणि कधी?

बार उघडायच्या अर्धा तास आधी पोटात जाईल असं: पावभाजी, अंडाभुर्जी-पाव, पनीर किंवा चिकन टिक्का, कटलेट. रिकाम्या पोटी दारू लहान आतड्यात लवकर उतरते आणि रक्तात झपाट्याने चढते. पोटात तेल-प्रथिनं असली की चढायचा वेग कमी होतो. फरसाण आणि खारे शेंगदाणे हा चकणा बारवाल्यांच्या फायद्याचा आहे, तो खाऊन तहान लागते. काकडी, गाजर, उकडलेले चणे ठेवा.

बिर्याणी रात्री बारापर्यंत अडवून ठेवायची पद्धत मोडा. साडेनऊला मुख्य जेवण लावा. आणि भरपूर जेवलं म्हणजे चढत नाही असं नाही, उशिरा चढते एवढंच.

१०. बार कोणी आणि कसा चालवायचा?

एकच काउंटर, त्यामागे एकच पगारी माणूस किंवा न पिणारा एक. बाटली टेबलावर फिरवायची नाही. ३०-६० मिलीचं स्टीलचं मापच वापरायचं. हाताने ओतलेला ‘एक पेग’ सहज ५० मिलीचा होतो. एका वेळी एका माणसाला एकच ग्लास, दुसऱ्यासाठी नेता येत नाही, पट्टा पाहिल्याशिवाय देता येत नाही. शॉट्स आणि पैजा बंद. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून देऊ नका. त्याने झोप उडते, दारू उतरत नाही, आणि माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटत राहतं.

संपायच्या ४५ मिनिटं आधी शेवटचा ग्लास. त्याची घोषणा मात्र करू नका. ‘लास्ट ऑर्डर’ म्हटलं की सगळे दोन-दोन घ्यायला धावतात. काउंटर मुकाट्याने बंद करा आणि तिथेच चहा-पाव लावा.

६० जणांमागे चौघे त्या रात्री अजिबात न पिणारे हवेत: एक दारात, एक बारजवळ, एक फिरता (संडास, पार्किंग आणि अंधारे कोपरे त्याचेच), एक गाड्यांवर. चौघांचे नंबर ग्रुपवर पिन करा. ‘मी एकच घेतो’ म्हणणाऱ्याला या यादीत घेऊ नका.

११. सीनिअर म्हणतात, ज्युनिअरने एक पेग मारलाच पाहिजे, ही परंपरा आहे.

ही रॅगिंग आहे. यूजीसीच्या २००९ च्या विनियमांतल्या रॅगिंगच्या व्याख्येत बळजबरीने दारू पाजणं बसतं. चोवीस तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. ‘प्लीज यार’ असं पाच वेळा म्हणणं आणि बळजबरी यांत ज्युनिअरच्या बाजूने फारसा फरक नसतो.

१२. एकाला जास्त झालीय आणि तो आणखी मागतोय. भांडण न करता कसं थांबवायचं?

सगळ्यांसमोर ‘तुला चढलीय’ म्हणायचं नाही. त्याच्या जवळच्या मित्राला बोलवा, दोघांना जेवणाच्या टेबलाकडे न्या, हातात पाण्याचा ग्लास द्या. बारवाल्याला त्याच्या पट्ट्याची खूण सांगून ठेवा. कारण द्यायचंच असेल तर कोरडं द्या: ‘काउंटर अर्धा तास बंद आहे.’ पाण्यालाच दारू म्हणून देणं टाळा. ते कळलं की भांडण होतंच.

काळी कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, उलटी काढणं यातल्या कशानेही उतरत नाही. यकृत तासाला साधारण एक छोटा पेग एवढंच काम करतं, त्याला घाई करता येत नाही.

१३. पडलाय, उठत नाही. झोपू द्यायचं की हॉस्पिटल?

खांदा हलवून, नावाने हाक मारून, कानाची पाळी चिमटून पाहा. डोळे उघडून काही बोलला नाही तर ती झोप नाही. यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन:

मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर. ओठ-नखं निळसर. अंग गार आणि ओलसर. झटके. शुद्ध नसताना उलटी. डोक्यावर पडला असेल तर बाकी काही पाहत बसू नका.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा काटकोनात पुढे, वरचा हात गालाखाली, डोकं थोडं मागे, तोंड जमिनीकडे झुकलेलं, म्हणजे उलटी बाहेर पडेल. पाठीला भरलेली सॅक लावा, नाहीतर तो परत उताणा होतो. अशा रात्रीत जीव बहुधा उताण्या झोपलेल्याच्या घशात उलटी गेल्याने जातो. तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका. एकजण सतत शेजारी बसलेला हवा, मोबाईलवर वेळ लावून श्वास मोजणारा. शेवटचे दोन-तीन पेग अजून पोटात असतात. निपचित पडल्यावरही तासभर रक्तातलं प्रमाण वाढत राहतं. ‘आता प्यायचं थांबलाय, म्हणजे उतरेल’ हे इथेच चुकतं.

१४. हॉस्पिटलात नेलं तर पोलीस, कॉलेज, घरचे सगळ्यांना कळेल. आधी मेसवर नेऊन बघू का?

नाही. ही भीती आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा लिहून येते आणि ती खरीही असते, पण वाया गेलेला तास परत मिळत नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी खऱ्या सांगा: काय प्यायला, किती, शेवटचा ग्लास कधी. सोबत गोळी किंवा गांजा घेतला असेल तर तेही. बाटली सापडली तर घेऊन जा. आयोजकांनी एक नियम निमंत्रणातच लिहावा: मदतीसाठी हाक मारणाऱ्याला आमच्याकडून जाब विचारला जाणार नाही. आणि घरच्यांचा नंबर दाराच्या यादीत आधीच हवा. बेशुद्ध माणसाच्या फोनचा पासवर्ड कोणाला माहीत नसतो.

१५. गोळ्या चालू असलेल्यांचं काय?

मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल (जुलाबाला, दातांना दिली जातात) चालू असेल तर थेंबही नको. चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या होऊ शकतात. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या श्वास मंदावतात, दारूही तेच करते. सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी वाढते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री खाली जाऊ शकते आणि ती अवस्था बाहेरून दारू चढल्यासारखीच दिसते. मधुमेह असलेला मित्र बरळायला लागला तर ‘चढलीय’ म्हणण्याआधी ग्लुकोमीटर शोधा.

१६. ट्रिप गोव्याला आहे. तिथे तर सगळं चालतं ना?

गोव्यातही वय २१ आहे. फरक एवढाच की २१ ला व्हिस्कीही चालते. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि बाटल्या फोडणं यावर दंड आहे. येताना परवान्याशिवाय बाटल्या बसमध्ये भरू नका, तपासणी नाक्यावर सगळी बस उतरवतात. राज्यातच असलेले वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत आणि गुजरातमध्येही दारूबंदी आहे. स्टॅच्यू ऑफ युनिटीच्या ट्रिपला बॅगेत बाटली नको.

१७. फार्महाउसला स्विमिंग पूल आहे. तोच तर आकर्षण आहे!

पूल दुपारी ५ पर्यंत, बार ७ नंतर. मधल्या दोन तासांत पुलाला दोरी किंवा जाळी, दिवा लावलेला, आणि फिरत्या माणसाच्या (प्रश्न १०) नजरेत. विहीर, शेततळं, धरणाचं पाणी यांना सरळ मनाई. प्यायलेला माणूस बुडताना ओरडत नाही आणि काठावरच्यांना तो मस्ती करतोय असं वाटतं.

१८. माझ्या ग्लासात कोणी काही टाकलं असेल तर? आणि मुलींच्या सुरक्षेचं?

खाली ठेवून गेलेला ग्लास परत उचलायचा नाही. काउंटरवर नवा मोफत मिळतो, हे सगळ्यांना आधी सांगा. घेतली त्या मानाने अचानक जास्त चढली, जीभ जड झाली, मधलं आठवत नाही असं कोणी म्हणालं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, ओळखीच्याच दोघांसोबत हॉस्पिटलला न्या. चाचणी लवकर झाली तरच उपयोगाची.

शुद्धीत नसलेल्या व्यक्तीची संमती ही कायद्याने संमती नाही. दोघंही प्यायलेले होते याने त्यात फरक पडत नाही. कॉलेजचा कार्यक्रम बाहेरच्या जागी असला तरी कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी समिती) तक्रार करता येते. ‘मी हिला सोडतो’ म्हणणारा प्रत्येकजण गाडीच्या यादीत आहे का, हे गाड्यांवरच्या चौथ्या माणसाने (प्रश्न १०) पाहायचं. यादीत नसलेल्यासोबत कोणाला पाठवायचं नाही, तो कितीही जवळचा असो.

१९. एकच पेग घेतलाय, गाडी चालवू का?

मर्यादा रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम. रिकाम्या पोटी तासाभरात दोन छोटे पेग घेतले की ६० किलोचा मुलगा तिच्या पुढे जाऊ शकतो. ५० किलोच्या मुलीला एक पाइंट पुरतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणून पिणाऱ्याची किल्ली दारातच जमा: नावाची चिठ्ठी लावलेल्या पाकिटात, डब्याला कुलूप, कुलपाची किल्ली चौथ्या माणसाकडे. दुचाकीही यातच मोजा, अॅक्टिव्हा ‘जवळच तर आहे’ म्हणून सुटते. परतीची बस पार्टीआधी ठरवून पैसे देऊन ठेवा. रात्री एकला शहराबाहेर कॅब मिळत नाही.

२०. लोणावळ्याहून सकाळी सातला निघायचंय. झोप झाली म्हणजे उतरली ना?

झोपेचा संबंध नाही, तासांचा आहे. रात्री नऊला सुरू करून पाच मोठे पेग घेतले असतील तर ते दहा छोटे, म्हणजे १०० ग्रॅम. तासाला ८ ग्रॅमने साडेबारा तास. सकाळी साडेनऊला कुठे पूर्ण उतरते. सातला घाटात उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या रक्तात दोन छोटे पेग शिल्लक असतात. न पिणारे चौघे चालवणार असतील तर सातला निघा. नाहीतर पोहे खा, दुपारचं जेवण करा आणि दोनला निघा.